कोरणीची धार: टोकाआधी टाच बघा

धार लावण्यातच सगळा वेळ जातो अशी तक्रार करणाऱ्यांच्या कोरण्या, म्हणजे धातूवर रेघा आणि नक्षी कोरायची टोकदार हत्यारं, मी भिंगाखाली धरते तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. तोंड मन लावून घासलेलं, टोक बोटाला टोचेल असं, आणि टाच मात्र खडबडीत, एका अंगाला झुकलेली, नाहीतर मुळात लावलेलीच नाही. रेघ बिघडली की हे लोक पुन्हा तोंड घासायला बसतात आणि पुन्हा तीच रेघ पडते. टोकामुळे कोरणी धातूत शिरते, एवढंच. शिरल्यावर ती किती खोल जाईल, वळणावर अडेल की सुटेल, मागे राहिलेली रेघ चमकेल की करडी दिसेल, हे टाच ठरवते. त्यामुळे इथे मी टाचेवर जरा जास्तच रेंगाळणार आहे.

मी चौरस दांड्याची कोरणी डोळ्यासमोर ठेवून सांगते. ती एका कोपऱ्यावर उभी धरून चालवतात. खाली आलेला कोपरा म्हणजे पोटाची कड. दांड्याचं पुढचं टोक तिरकं कापून जी सपाटी मिळते ते तोंड. तोंड आणि पोट जिथे मिळतात तिथे खालून, डाव्या-उजव्या बाजूंनी, दोन इवलेसे पैलू घासून पोटाची कड किंचित वर उचललेली असते, ती टाच. टाच नसेल तर दांडा पत्र्याला जवळजवळ चिकटून चालवावा लागतो आणि मूठ, बोटं सगळी पत्र्यावर घासतात. हाताला जागा करायला मूठ उचलावी तर टोक खाली खुपसतं. टाच पत्र्यावर टेकली की दांडा आपोआप तिरका उभा राहतो आणि खोली हातात येते. नांगराचं रुमणं उचललं की फाळ खोल जातो, तसं इथे मूठ जराशी उचलली की रेघ खोल, खाली आणली की उथळ.

कोन

तोंडाचा कोन मी पोटाच्या कडेपासून मोजते. ४५ अंश ही सुरुवातीची जागा. तांबं, चांदी, सोनं, पितळ यांना तेवढे पुरतात. पोलादावर टोक वारंवार तुटत असेल तर ५० करा, अगदी ५५ सुद्धा. टोकामागे जास्त धातू राहतो, ते दणकट होतं, पण ढकलायला जोर जास्त लागतो. टाच १५ अंशांची.

आता हे बघा. टोकाशी या दोन्हींची बेरीज होते. ४५ अधिक १५ म्हणजे पाचर ६० अंशांची. पोलादासाठी कुणी तोंड ५५ करतो, मग वाटीसारख्या खोलगट जागेत हात पोचावा म्हणून टाच २५ करतो, आणि टोकाची पाचर ८० अंशांची होऊन बसते. ती धातू कापत नाही, पुढे रेटते. टाच वाढवली तर तोंड थोडं उतरवावं लागतं. दोन्ही आकडे वेगवेगळे पाठ करणाऱ्यांचं नेमकं इथेच अडतं.

टाचेच्या दोन पैलूंमधला कोन रेघेची रुंदी ठरवतो. ९० अंशांच्या कोरणीने ०.१ मिमी खोल गेलात तर रेघ ०.२ मिमी रुंद पडते. १२० अंशांची असेल तर तेवढ्याच खोलीला जवळजवळ ०.३५ मिमी. रुंद, चमकणाऱ्या पाकळ्या काढायला १२० ची बरी, कारण कमी खोलीत रुंदी मिळते. बारीक छटेच्या रेघांना मी ९० चीच घेते. १२० साठी वेगळा दांडा आणायची गरज नाही. चौरस दांड्यावरच टाचेचे पैलू तेवढे पसरट घासले की झालं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यावरून कागदावर छापणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा पत्रा सपाट, मूठ खालून कापलेली, दांडा बऱ्याचदा वर वाकवलेला, त्यामुळे हाताला आधीच जागा असते. शिवाय त्या रेघेत शेवटी शाई भरायची, चमक कुणी बघत नाही. त्यांनी पोटाच्या दोन्ही बाजू सपाट घासाव्यात, तोंड लावावं आणि या लेखातला पुढचा झिलईचा भाग खुशाल वगळावा.

कोरणी कशाची, दगड कोणता

कोरणीचं पोलाद ओळखल्याशिवाय दगडाला हात लावू नका. साधं कार्बन पोलाद लवकर घासलं जातं, धारही सुरेख घेतं, पण उष्णता सोसत नाही. २०० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागतं. कडेला गवती पिवळा रंग आला तर सावध व्हा. निळा आला तर तेवढा भाग मऊ पडला. तो घासून काढून टाकण्याशिवाय उपाय नाही, वरून चकचकीत केलं तरी आतून तो गेलेलाच असतो. हायस्पीड स्टील, त्यातही कोबाल्ट घातलेलं, ५५० अंशांच्या आसपासही कडक राहतं, म्हणून यंत्रावर घासायला निर्धास्त. टंगस्टन कार्बाइडला उष्णतेचं काही वाटत नाही. धार फार टिकते, पण ते ठिसूळ आहे. टोक आडवं मुरगळलं की टवका उडतो.

दगडांचं गणित यावरून. इंडिया स्टोन म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आकार द्यायला चांगला. अर्कान्सा हा नैसर्गिक दगड, जवळजवळ शुद्ध सिलिका, कार्बन पोलादाची धार शेवटी यावरच फुलते. हायस्पीड स्टीलवर तो कंटाळा येईल इतका सावकाश चालतो आणि कार्बाइडवर चालतच नाही. कार्बाइडला हिराच लागतो. हिऱ्याच्या चकत्या ६०० आणि १२०० नंबरच्या असल्या की माझं सगळं भागतं. २६० ची खरखरीत चकती फक्त मोठा टवका उडाल्यावर किंवा दांडा नव्याने घडवताना.

हिऱ्याची चकती वेगात फिरवून त्यावर पोलाद दाबू नका. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडाला कार्बन हवाच असतो. चकती लवकर मरते आणि तुम्ही चकतीच खराब निघाली म्हणता. हाताने किंवा सावकाश फिरणाऱ्या यंत्रावर हा प्रश्न येत नाही. दगडाला तेल दिलं असेल तर तेलच द्या, हिऱ्याला पाणी देत असाल तर पाणीच. कार्बाइड तर कधीही कोरडं घासू नका, त्याच्या धुळीत कोबाल्ट असतो आणि तो फुप्फुसात जाऊ नये. डोळ्यांवर चष्मा हवा. टोक तुटून उडतं ते दिसतही नाही.

एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम दगडाचं आहे. रोज मध्यावरच घासल्याने दगड मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सपाट तोंड जन्मात होणार नाही. काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पसरा, पाणी घाला, दगडावर पेन्सिलने जाळी काढा आणि जाळी पूर्ण जाईपर्यंत घासा.

घासणं

सुरुवात पाठीकडून. टोकाजवळ दांड्याची वरची बाजू उतरती कापून टाकली की तोंड लहान होतं. लहान तोंड लवकर घासलं जातं आणि काम करताना टोकही दिसतं. हे एकदाच करायचं, खरखरीत चाकावर, मधूनमधून पाण्यात बुडवत. बोटांना चटका बसेल इतकं गरम झालं तर थांबा.

मग तोंड. जिग, म्हणजे कोरणी ठरावीक कोनात पक्की धरणारं साधन, असेल तर कोन लावा आणि घासा, त्यात सांगण्यासारखं फार नाही. जिग वापरणारा खरा कारागीर नव्हे असं मानणारे हात अजून आहेत. मला ते पटत नाही. रोज तोच कोन मिळाला तर हाताला एकच सवय लागते, आणि कोरण्यात सवयीला किंमत आहे. पण जिग नसेल तर अडून बसू नका. कागदाचा चौरस कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा नमुना तयार. तो दगडाशेजारी उभा करा, दांडा त्याच्याशी जुळवा, मनगट आवळा आणि हालचाल खांद्यातून होऊ द्या. बोटं टोकाच्या जितकी जवळ तितकं तोंड कमी डुलतं.

घासण्याआधी तोंडावर मार्कर पेनची शाई लावा. दोनतीन फेऱ्या मारून बघा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन जुळला. फक्त वरच्या काठाची गेली तर मूठ वर उचलली पाहिजे, फक्त टोकाकडची गेली तर खाली आणली पाहिजे. शाईइतका प्रामाणिक मदतनीस या धंद्यात दुसरा नाही. टाचेला तर ती लागतेच.

आता टाच. ६०० च्या चकतीला इथे थारा नाही, टाच इतकी लहान असते की खरखरीत चकती एका दमात ती खाऊन टाकते. थेट १२०० वर किंवा अर्कान्सावर जा. पोटाची एक बाजू दगडावर सपाट टेकवा, मग मूठ थोडी उचला म्हणजे फक्त टोकाकडचा भाग टेकेल, आणि हलक्या हाताने मागे ओढा. तेवढंच दुसऱ्या बाजूला.

मूठ किती उचलायची? १५ अंश हवेत म्हणून १५ अंश उचललेत तर फसाल. तुम्ही बाजू उचलताय, पण मोजायची आहे दोन बाजूंमधली कड. चौरस दांड्यावर बाजू १५ अंश उचलून घासली तर कडेला सुमारे २१ अंश मिळतात. कडेला १५ हवे असतील तर बाजू ११ अंशांपेक्षा जराशी कमीच उचलायची. टोकापासून मागच्या टोकापर्यंत कोरणी १०० मिमी असेल तर मागचं टोक साधारण १८ ते १९ मिमी वर. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा शेजारी ठेवला की डोळ्याला अंदाज येतो. जिगमध्येसुद्धा आपण मोजतोय तो कोन बाजूचा की कडेचा, हे एकदा तपासून घ्या. एकाच आकड्यावर दोघांच्या टाचा वेगळ्या का निघतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

दोन्ही पैलू सारखे हवेत. फेऱ्या मोजून सारखेपणा येत नाही, कारण डावा-उजवा दाब सारखा नसतो. दहा पट भिंगातून तोंडाकडून सरळ बघा. दोन पैलूंमधली कड दांड्याच्या मध्यावर हवी. एका बाजूला सरकली असेल तर कड जिकडे सरकली त्याच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे मोठा झालेला पैलू सोडा आणि लहान पैलूला एखादी फेरी द्या. असमान टाचेची कोरणी सरळ रेघेतही एका अंगाला ओढते आणि तुम्ही नकळत मनगट वळवून ते सावरत राहता. संध्याकाळी मनगट दुखतं ते यामुळेही.

टाचेची लांबी हा खरा चवीचा प्रश्न. गोलाईत टाचेचा मागचा भाग सरळच जाऊ पाहतो, वळत नाही, आणि रेघेच्या बाहेरच्या काठाला घासून ओरखडा उठवतो. वेलबुट्टीची बारीक वळणं असतील तर टाच ०.२ ते ०.३ मिमी. सरळ रेघा, अक्षरांचे उभे दांडे, चौकटी असतील तर ०.५ मिमी किंवा थोडी जास्त. लांब टाच रेघेला सरळ धरून ठेवते. दोन्ही कामं एकाच कोरणीने करायचा हट्ट मी सोडून द्यायला सांगते. दोन कोरण्या ठेवा, मुठीवर खूण करा.

तोंड जितक्या वेळा घासाल तितकी टाच आखूड होत जाते, कारण टोक मागे सरकतं. त्यामुळे कोरणी अचानक खुपसायला लागली, खोली हातात राहीना, तर टोकाला दोष देण्याआधी टाच उरली आहे का ते बघा.

झिलई

चमकदार रेघ हवी असेल तर टाचेचे पैलू १२०० वर सोडून चालत नाही. कापलेल्या धातूवरून लगेच टाच घासत जाते. तिच्यावर जे ओरखडे असतील त्यांची नक्कल रेघेच्या भिंतीवर उमटते. टाच नितळ असेल तर ती कापलेली भिंत दाबून आणखी गुळगुळीत करते. तोंडावरच्या ओरखड्यांचंही तसंच, ते धारेपर्यंत पोचतात आणि धारेला बारीक दाते पाडतात.

झिलई कडक पृष्ठभागावरच करा. सिरॅमिक किंवा बिडाची चकती आणि त्यावर अर्ध्या मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट किंवा फवारा, हे सगळ्यात बरं. तेवढं नसेल तर काचेवर चिकटवलेली पॉलिशिंग फिल्म, नाहीतर कडक पुठ्ठ्यावर चोळलेली क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट. कापडी बफ कितीही मोहात पाडो, तिकडे जाऊ नका. मऊ बफ टोकाभोवती गुंडाळला जातो आणि मेहनतीने काढलेली कड गोल करून टाकतो. कोरणी दिसते चकचकीत आणि कापत मात्र नाही. पुठ्ठ्यावरही दाब कमी आणि फेऱ्या मोजक्या.

दिशा मागेच. टोक पुढे ढकललंत तर फिल्म फाटेल आणि टोकही जाईल. मूठ तोच कोन धरून मागे ओढायची, उचलायची, पुन्हा पुढे आणून ओढायची. पाचसहा ओढींत पैलू काळाभोर दिसायला लागतो. प्रकाश एका बाजूला परतून जातो म्हणून तो काळा दिसतो, आणि तेच आपल्याला हवं असतं. करडा धूसरपणा उरला असेल तर १२०० चे ओरखडे अजून गेलेले नाहीत. जास्त पेस्ट चोपडून ते जाणार नाहीत, मागच्या पायरीवर परत जा.

टाचेची झिलई झाल्यावर तोंडाला सर्वांत बारीक चकतीवर एकदोन हलके स्पर्श द्या. टाच घासताना तोंडाच्या काठावर बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कोर, उभी राहते, ती जाते. मग टोक कडक लाकडाच्या आडव्या कापावर हलकेच टोचून काढा, उरलेली बरही निघते. टोचताना मुरगळू नका, विशेषतः कार्बाइड.

चपट्या कोरणीबद्दल थोडं. खडे बसवताना कडेला चकाकणारी सपाटी काढायला ती वापरतात. तिची टाच एकच सपाट पैलू असते, म्हणून घासायला सोपी, पण तिच्यावरचा एकही ओरखडा लपत नाही, सगळी सपाटी रेघारेघांची दिसते. तिच्या झिलईला चौकोनीपेक्षा जास्त वेळ द्या. गोल कोरणी घासताना दांडा बोटांत सतत फिरवत राहायचा, बाकी सगळं तेच.

तपासणी आणि रेघ वाचणं

टोक अंगठ्याच्या नखावर ठेवा, दांडा तिरका, भार फक्त कोरणीच्या वजनाएवढा. धरलं तर धार आहे, घसरलं तर नाही. दाबून बघू नका. दाबलं तर बोथट टोकही धरतं आणि नखाची वाट लागते. मग दिव्याखाली भिंगातून धार फिरवून बघा. खऱ्या धारेला रुंदीच नसते, त्यामुळे ती प्रकाश परतवत नाही. टोकाशी पांढरा ठिपका चमकला तर तिथे टोक मोडलेलं आहे, मग ते कितीही लहान दिसो.

शेवटी खरं काय ते पत्राच सांगतो. टाकाऊ तांब्याच्या तुकड्यावर एक सरळ रेघ आणि एक वळण काढा. कोरणी सुरुवातीलाच घसरत असेल तर टोक गेलंय, किंवा मूठ इतकी खाली आहे की टाचच आधी टेकतेय. रेघेची एकच भिंत करडी असेल तर त्या बाजूचा पैलू झिलईला कमी पडला. दोन्ही करड्या असतील तर धार किंवा टाच, भिंगातून ठरवा. सरळ रेघ सुरेख आणि वळणाचा बाहेरचा काठ ओरखडलेला, म्हणजे टाच लांब झाली. एका काठाला बर जास्त उभी राहते तेव्हा कोरणी त्या बाजूला कललेली असते, हातामुळे किंवा असमान टाचेमुळे. कोरणी मुद्दाम दुसरीकडे कलवून बघा, बर बाजू बदलते का. टोक रेघेच्या शेवटी तुटत असेल तर धार लावण्यात दोष शोधू नका, तुम्ही कीस तोडायला मूठ झटक्याने वर उचलताय. मूठ खाली आणत बाहेर पडा. सुरुवातीला किंवा मध्येच तुटत असेल तेव्हा तोंड ५ अंशांनी वाढवा.

धार गेल्यावर लावायची नसते, जायला लागली की लावायची. रेघेची चमक मंदावली, ढकलायला कालच्यापेक्षा जास्त जोर लागतोय असं वाटलं, की तोंडाला बारीक चकतीवर दोन स्पर्श आणि पुन्हा कामाला. इतक्या लवकर थांबलात तर ६०० ची चकती महिनोन्‌महिने कपाटात राहते आणि कोरणीही लवकर आखूड होत नाही. काम झाल्यावर कोरण्या डब्यात एकत्र टाकू नका, टोकं एकमेकांवर आपटतात. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात टोक वर करून उभ्या करा, आणि कार्बन पोलादाच्या असतील तर तेलाचं बोट फिरवून ठेवा, नाहीतर झिलई केलेल्या टाचेवर पहिला गंज चढतो.